आराखडा कोणाच्या मालकीचा?

सातपूर आणि अंबड या नाशिकच्या दोन औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांच्या पाट्या चटकन नजरेत भरतात. मोटारींचे सुटे भाग, विजेची स्विचगिअर यंत्रणा, औषधे अशा नाना वस्तू तेथे तयार होतात आणि शहराच्या भरभराटीचे श्रेय स्वाभाविकपणे त्यांना दिले जाते. या कारखान्यांच्या मागील बाजूस असलेल्या लहान गाळ्यांत जे काम चालते, त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. तेथे कोणी भट्टीचे तापमान राखणारा नियंत्रक बनवतो, कोणी शीतगृहातील बिघाडाची सूचना देणारे उपकरण, तर कोणी पंपाचा स्वयंचलित स्टार्टर. गिऱ्हाइकाने आपली गरज सांगायची. तिच्या मापाने विद्युत परिपथ रचून, सुटे भाग जोडून, तपासून उपकरण हाती द्यायचे, असा हा व्यवसाय आहे. शिंप्याने अंगाचे माप घेऊन कापड बेतावे, त्याच जातीचा. नाशिकच्या औद्योगिक भवितव्याचा एक महत्त्वाचा प्रश्न या गाळ्यांत दडलेला आहे. केवळ जोडणी करून पोट भरायचे की रचना करण्याचे सामर्थ्य कमवायचे, हा तो प्रश्न होय.

जॉबवर्कचा वारसा

मागणीबरहुकूम वस्तू घडवणे नाशिकला नवे नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पूर्वापार प्रसिद्ध आहे. गिऱ्हाइकाने घागरीचे माप सांगावे आणि तांबटाने ती ठोकून द्यावी, या व्यवहारात हातही तांबटाचा होता आणि आराखडाही त्याचाच. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, पुढे मायको आणि महिंद्र यांच्यासारखे मोठे कारखाने येथे उभे राहिले, आणि त्यांच्या आश्रयाने शेकडो लहान यंत्रशाळा वाढल्या. त्यांचे अर्थशास्त्र निराळे होते. मोठ्या कारखान्याने रेखाटन द्यायचे, बहुधा कच्चा मालही द्यायचा. लहान कारखानदाराने तो लेथवर चढवून सांगितलेल्या मापात उतरवून द्यायचा. यालाच जॉबवर्क म्हणतात. या पद्धतीने हजारो कुटुंबांना भाकरी दिली आणि एक कुशल कामगारवर्ग घडवला, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिची मर्यादाही उघड आहे. काम संपले की रेखाटन परत जाते, दर दुसराच ठरवतो, आणि मोठ्या कारखान्याला शिंक आली की लहानाला पडसे होते.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी यंत्रांचा कब्जा घेतल्यापासून ही मर्यादा अधिक जाचक झाली आहे. डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारे नोझल ही नाशिकच्या कौशल्याची एक ओळख. पूर्वी हा फवारा केव्हा व किती सोडायचा हे पंपाच्या यांत्रिक रचनेवर ठरत असे. आता ती आज्ञा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडून येते. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली, तेव्हा या नियंत्रकाचे महत्त्व आणखी वाढले. विजेच्या क्षेत्रातही तेच घडले. फिरती चकती आणि चुंबक यांवर चालणाऱ्या संरक्षक रिलेची जागा संगणकीय रिलेने घेतली. लोखंड आणि तांबे यांचे काम जेथल्या तेथे राहिले. त्यांना चालवणारी बुद्धी मात्र एका लहानशा हिरव्या फलकावर जाऊन बसली. हा फलक हाती नसला म्हणजे काय होते, ते २०२१ साली दिसले. जगभर चिपांची टंचाई झाली आणि सप्टेंबर महिन्यात महिंद्र कंपनीला आपल्या मोटार-कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन थांबवावे लागेल असे जाहीर करावे लागले. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या वस्तूवाचून संपूर्ण मोटार अडून राहिली.

जोडणी आणि रचना

हा फलक तयार होतो कसा, हे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. प्रथम परिपथाचा नकाशा आखला जातो: कोणता भाग कोणत्या भागाशी जोडायचा, किती दाबाची वीज कोठून न्यायची. मग या नकाशाचे प्रत्यक्ष मांडणीत रूपांतर होते. काचतंतूच्या पत्र्यावर तांब्याचा पातळ थर असतो. त्यातील नको असलेले तांबे रसायनाने काढून टाकले की उरलेल्या रेषा तारांचे काम करतात. यालाच छापील परिपथ, किंवा कारखान्याच्या बोलीत पीसीबी, म्हणतात. त्यावर जाळीतून सोल्डरची लेई पसरली जाते, यंत्र एकेक सुटा भाग उचलून नेमक्या जागी ठेवते आणि फलक भट्टीतून जातो. शिसे व कथिल यांचे जुने सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळत असे; शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ अंश लागतात. शेवटी नियंत्रकाच्या स्मृतीत आज्ञावली भरली जाते आणि उपकरणाची परीक्षा होते.

यांपैकी लेई पसरणे, भाग ठेवणे, भट्टी चालवणे ही जोडणी होय. पैसे मोजले की तिची यंत्रे कोणालाही विकत मिळतात. नकाशा, मांडणी आणि आज्ञावली ही रचना होय. ती विकत घेतलेल्या यंत्राबरोबर येत नाही. एखाद्या मोटारीच्या चालू-बंद होण्याने शेजारच्या परिपथात गोंधळ माजू नये म्हणून जमिनीची रेषा कोठून न्यायची, एक भाग बाजारातून नाहीसा झाल्यास त्याच्या जागी दुसरा कोणता चालेल, याची उत्तरे अनुभवातूनच मिळतात. उपकरणाच्या किमतीतील टिकाऊ नफा येथेच असतो.

देशाच्या धोरणाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. केंद्र सरकारने १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे स्वतंत्र खाते आणि १९७१ मध्ये आयोग स्थापन केला. मुंबईत १९७३ मध्ये सांताक्रूझचे निर्यात क्षेत्र उभे राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७८ मध्ये मेल्ट्रॉन हे महामंडळ काढले. पुढे १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत त्या यादीतील वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर आणण्यात आले. तयार मालावर शुल्क नाही आणि येथे उत्पादन करणाऱ्याच्या वाट्याला मात्र महाग भांडवल व बेभरवशाची वीज, अशी स्थिती झाल्यावर अनेकांनी कारखानदारी सोडून आयातीचा व्यापार पत्करला, यात नवल नाही. २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनांनी चित्र पालटले आणि मोबाइल संचांची जोडणी मोठ्या प्रमाणावर देशात होऊ लागली. परंतु सुट्या भागांचा मोठा हिस्सा बाहेरूनच येत राहिला. ही उणीव सरकारनेही जाणली, म्हणूनच मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची निराळी योजना मंजूर झाली.

नाशिकमधील एक उदाहरण

रचनेचा मार्ग अशक्य नाही, याचा दाखला सातपुरातच आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले नरेंद्र गोलिया यांनी १९८२ मध्ये ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी स्थापन केली. विजेचा दाब आणि प्रवाह दाखवणारे काट्याचे मीटर ही तिची मूळ वस्तू. जग अंकदर्शक मीटरांकडे वळत असतानाही ती वस्तू तिने सोडली नाही आणि तिच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक मापनयंत्रे आणली. २०११ मध्ये या कंपनीने पोलंडमधील झेलोना गुरा येथील लुमेल हा १९५३ सालचा कारखाना विकत घेतला. मापनयंत्रांखेरीज इतर उद्योगांना इलेक्ट्रॉनिक फलक तयार करून देणे हाही लुमेलचा व्यवसाय आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ऋषभचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले. परदेशी कंपनीने भारतात यावे आणि आपण तिचे जॉबवर्क करावे, या परिचित क्रमाच्या उलट हा क्रम आहे. तो शक्य झाला, कारण विकायची वस्तू कंपनीची स्वतःची होती.

एका मोठ्या कंपनीला जे जमले ते दहा माणसांच्या गाळ्याला कसे जमावे, असा आक्षेप घेतला जाईल. चीनमधील शेन्झेन शहरातील कारखाने आज पाच कोरे फलकदेखील नगण्य किमतीत घरपोच पाठवतात. तेव्हा नाशिकच्या लहान उद्योजकाने स्पर्धा करावी तरी कशी? आक्षेप खरा आहे, परंतु तो कोऱ्या फलकापुरता खरा आहे. पिंपळगाव बसवंत येथील शीतगृहात द्राक्षे शून्य अंशाच्या जवळपास राखायची असतात. ग्रामीण वीज कधी कमी दाबाने येते, कधी तीनपैकी एक फेज गळते. दुरुस्तीला माणूस त्याच रात्री हवा असतो. या गरजेचे माप घ्यायला शेन्झेनहून कोणी येत नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी शेतकऱ्याला मोबाइलवरून पंप चालू-बंद करता यावा म्हणून ‘नॅनो गणेश’ हे उपकरण रचले, ते रात्री-अपरात्री शेतात जाण्याचा त्रास ठाऊक होता म्हणून. कोरा फलक कोठूनही यावा. गरजेचे ज्ञान आणि त्यातून निघालेला आराखडा येथील असला पाहिजे.

काय करता येईल?

यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली कराराची. उपकरण बनवून घेताना आराखडा आणि आज्ञावली कोणाच्या मालकीची, हे लेखी ठरवण्याची पद्धत लहान उद्योगांत रुजलेली नाही. त्यामुळे मेहनतीने रचलेला परिपथ पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून स्वस्तात जोडून घेतला गेला तरी दाद मागणे कठीण होते. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, अन्यथा बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. पण मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करून पुढचे काम गमावण्याचे धाडस किती जण करतील? औद्योगिक संघटनांनी येथे सामुदायिक बळ उभे केले पाहिजे.

दुसरी गोष्ट चाचणीची. उपकरण विद्युतचुंबकीय गोंगाट सोडते का, उष्णता, आर्द्रता आणि कंप सोसते का, हे तपासणारी साधने एकट्या गाळ्याला परवडत नाहीत. नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरने सामायिक सोयींचा पायंडा पाडलेला आहे. इलेक्ट्रॉनिक चाचणीचा त्यात पुरेसा विस्तार व्हावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षणाची. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातही त्यांची संख्या वाढली. इलेक्ट्रॉनिक शाखेचा विद्यार्थी शेवटच्या वर्षी एक प्रकल्प सादर करतो. हा प्रकल्प पुष्कळदा बाजारातून तयार आणला जातो, हे शिक्षकांना ठाऊक असते आणि विद्यार्थ्यांनाही. मग पदवी हाती पडताच तो तरुण पुण्याची किंवा बंगळुरूची वाट धरतो, तर त्याच शहरातील लहान कारखानदार परिपथाची मांडणी जाणणारा माणूस शोधत राहतो. अंबडच्या एखाद्या कारखान्यातील खरी अडचण हाच प्रकल्पाचा विषय झाला, फलक चालला नाही तर का चालला नाही याच्या शोधालाही गुण मिळाले, तर ही दोन टोके जुळू शकतील. यासाठी नव्या अनुदानाची नव्हे, परीक्षापद्धतीत थोड्या धैर्याची गरज आहे.

स्विचगिअरसाठी नाशिकमध्ये कारखाना चालवणाऱ्या सी.जी. पॉवर कंपनीने चिपांची बांधणी व चाचणी करणारा प्रकल्प उभारण्यासाठी गुजरातमधील साणंदची निवड केली. असे प्रकल्प आपल्याकडे यावेत म्हणून राज्याराज्यांत चढाओढ चालतच राहील आणि नाशिकनेही त्यात मागे राहू नये. परंतु सवलतीच्या मोहाने आलेला कारखाना मोठ्या सवलतीच्या मोहाने जातोही. माणसांच्या डोक्यात आणि बोटांत मुरलेले रचनेचे ज्ञान इतक्या सहजासहजी गाव सोडत नाही. तांबटाच्या हातोडीला जी प्रतिष्ठा या शहराने एकेकाळी दिली, ती परिपथ आखणाऱ्या तरुणाला मिळाली, तर सातपूर-अंबडच्या लहान गाळ्यांना दुसऱ्याच्या रेखाटनावर जन्मभर अवलंबून राहावे लागणार नाही.