करडाचा पाय मोडला? हाडापेक्षा करकचून बांधलेली सुतळीच जास्त घात करते

बांधावरून घसरून, दगडाच्या खाचेत पाय अडकून नाहीतर दुचाकीची धडक बसून शेळ्या-करडांचे पाय मोडतात. वासरांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. गाय अडली की वासराच्या पायाला दोरी बांधून चार जण जोर लावून ओढतात आणि पायाची नळी तिथेच मोडते. पाय लोंबकळताना दिसला की घरचे बांबूच्या दोन कामट्या लावून सुतळीने आवळून टाकतात. गडबड इथेच होते.

मार लागल्यावर एक-दोन दिवस सूज वाढत असते. संध्याकाळी बेताची वाटलेली सुतळी सकाळपर्यंत कातडीत रुतते, रक्त खाली पोचत नाही. मग खुराकडचा भाग थंड पडतो, काळा पडतो, वास मारू लागतो. हाड जुळण्यासारखं होतं, पण पाय गेला!

म्हणून आधी कापसाचा जाड थर. कापूस नसेल तर धुतलेलं मऊ सुती कापड चालतं. त्यावर पट्टी खुराकडून वर गुंडाळत न्यायची. वरून खाली आणली की सूज खाली दाबली जाते. कामटी त्यानंतर. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे तिने धरायला हवेत. पुढच्या पायाची नळी मोडली असेल तर कामटी खुरापासून गुडघ्याच्या वरपर्यंत जायलाच पाहिजे. आखूड कामटीचं टोक मोडलेल्या जागीच आलं तर हाड तिथेच जास्त हलतं. पीव्हीसी पाइप उभा चिरून, कडा घासून वापरला तरी चांगला आधार मिळतो. खुरांची टोकं मात्र उघडी ठेवावीत.

मांडीचं किंवा खांद्याजवळचं हाड मोडलं असेल तर घरी काहीच बांधू नये. तिथे वरचा सांधा कामटीत येत नाही, उलट कामटीच्या वजनाने पाय ओढला जातो. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून जनावर हलू न देता डॉक्टरांना बोलवावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नये. जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक तर २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की गिधाडंही मरतात.

प्लास्टर घातल्यावरही रोज खुरांना हात लावून पाहावं. खुरं थंड लागली, दोन खुरं सुजून फाकली, वास आला किंवा काल टेकवलेला पाय आज उचलून धरला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता प्लास्टर उघडून घ्यावं. करडाचं हाड साधारण तीन-चार आठवड्यांत, वासराचं चार-सहा आठवड्यांत धरतं. वासरू झपाट्याने वाढतं, त्यामुळे त्याचं प्लास्टर मधे एकदा बदलावं लागतं.