निकाल ठरलेला, मार खरा

नाशिकमध्ये कुस्तीचा विषय निघाला की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच दमात बोलल्या जातात. भगूरच्या तालमीत घडलेला महाराष्ट्र केसरी एकीकडे, अंडरटेकर, जॉन सीना आणि रोमन रेन्स दुसरीकडे. नव्वदच्या दशकात केबलवर ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ पाहत आणि ट्रम्प कार्डांवरची उंची, वजन, छाती पाठ करत मोठी झालेली पिढी आता चाळिशीत आहे. तिची मुलं तोच खेळ मोबाइलवर पाहतात. एप्रिल २०२५ पासून भारतात हे कार्यक्रम नेटफ्लिक्सवर दिसू लागले. पडदा बदलला, गैरसमज मात्र वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे गेले. त्यातले ठळक गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज : हा सगळा प्रकार केबलबरोबर अमेरिकेतून आला.

वस्तुस्थिती : आपल्याकडे व्यावसायिक कुस्तीचे खेळ टीव्ही येण्याआधीपासून होत होते. १९५० आणि ६० च्या दशकांत दारासिंग आणि हंगेरीचा अवाढव्य किंगकाँग यांच्या लढतींनी मुंबईकरांना वेड लावलं होतं. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये अशा लढतींना तिकीट काढून गर्दी लोटायची.

पुढचा मोठा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. अमेरिकेच्या टीएनए कंपनीने ‘रिंग का किंग’ ही खास भारतीय मालिका काढली आणि तिचं चित्रीकरण २०११ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात केलं. जानेवारी २०१२ पासून ती कलर्स वाहिनीवर दिसली. स्कॉट स्टायनरसारखे परदेशी मल्ल आणि महाबली वीरासारखे भारतीय मल्ल एकाच रिंगणात उतरले होते. ती काही महिन्यांतच संपली, म्हणून आज फारसं कुणाला आठवत नाही.

गैरसमज : सगळं खोटं असतं, कुणाला काही लागत नाही.

वस्तुस्थिती : कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, यात आता कसलंही गुपित उरलेलं नाही. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कंपनीने स्वतःच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपला कार्यक्रम म्हणजे स्पर्धा नसून करमणूक असल्याचं सांगितलं. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर यांतून सुटका व्हावी हा त्यामागचा हेतू होता. तेव्हा ‘अरे, ते ठरवून खेळतात’ हे सांगणारा माणूस पस्तीस वर्षं जुनी बातमी देत असतो.

पण ठरलेला असतो तो निकाल. शरीर पडतं ते खरंच पडतं. रिंगणाखाली पोलादी सांगाडा असतो, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. मल्ल शिकतो ते पडायचं कसं हे: हनुवटी छातीला लावायची, हात पसरायचे आणि आघात पाठभर वाटून घ्यायचा. त्याने मार विभागला जातो, नाहीसा होत नाही.

५ जून २०२२ ची डब्ल्यूडब्ल्यूईच्या कोडी ऱ्होड्सची लढत ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. सरावात त्याच्या उजव्या छातीचा स्नायू हाडापासून तुटला होता. अंगावरचं जाकीट काढताच छातीपासून दंडापर्यंत पसरलेला जांभळा-काळा डाग दिसला आणि प्रेक्षागृहात सन्नाटा पसरला. त्या अवस्थेत तो सेथ रॉलिन्सशी वीस मिनिटांहून जास्त लढला आणि मग शस्त्रक्रियेला गेला. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं. जपानचा नामांकित मल्ल मित्सुहारू मिसावा १३ जून २००९ रोजी हिरोशिमात लढतीदरम्यान मानेवर पडला आणि त्याच रात्री दगावला.

गैरसमज : रक्त म्हणजे रंग आणि खुर्ची म्हणजे खेळणं.

वस्तुस्थिती : रक्त बहुतेक वेळा खरंच असायचं. मनगटाच्या पट्टीत लपवलेल्या पात्याच्या तुकड्याने मल्ल स्वतःच्या कपाळावर बारीक चीर द्यायचा, घामामुळे रक्त भराभर पसरायचं. २००८ नंतर डब्ल्यूडब्ल्यूईने कार्यक्रम लहान मुलांनाही पाहता येईल असा केला आणि ही पद्धत जवळपास बंद केली. खुर्चीही धातूचीच असते, म्हणून तर ती पाठीवर मारली जाते. डोक्यावर खुर्ची मारायला २०१० मध्ये बंदी आली, कारण मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांचे परिणाम तोवर पुरेसे उघड झाले होते.

गैरसमज : अंडरटेकर मरून पुन्हा जिवंत झाला, आणि अक्षयकुमारने त्याला उचलून आपटलं.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने शाळेच्या मधल्या सुट्टीत शपथेवर सांगितलेली ही गोष्ट. अंडरटेकर म्हणजे टेक्सासचा मार्क कॅलवे. १९९४ च्या जानेवारीत त्याला शवपेटीत बंद करण्याचा प्रसंग रंगवला गेला. खऱ्या आयुष्यात पाठीचं दुखणं बरं करायला त्याला रजा हवी होती. त्याच्या गैरहजेरीत ब्रायन ली नावाच्या मल्लाला त्याच वेशात उतरवण्यात आलं आणि ऑगस्टमध्ये खरा आणि नकली अंडरटेकर एकमेकांसमोर उभे राहिले.

१९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षयकुमारशी झुंजलेला ‘अंडरटेकर’ म्हणजे हाच ब्रायन ली. २०२१ मध्ये खुद्द अक्षयकुमारनेच हे जाहीरपणे सांगितलं. आणि अंडरटेकरचा ‘भाऊ’ केन? दोघांचं नातं पटकथेपुरतं. केनचं खरं नाव ग्लेन जेकब्स. तो २०१८ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आला.

गैरसमज : हे लोक नट आहेत, पैलवान नव्हेत.

वस्तुस्थिती : कर्ट अँगलने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत १०० किलो गटाचं सुवर्णपदक जिंकलं आणि मग तो या क्षेत्रात आला. ब्रॉक लेस्नर २००० मध्ये अमेरिकी विद्यापीठ कुस्तीचा विजेता होता आणि पुढे यूएफसीमध्ये, जिथे निकाल ठरवून दिला जात नाही, हेवीवेट विजेताही झाला. नटाचं काम यांना करावं लागतं हे खरंच आहे, पण ते पैलवानकीच्या जोडीला. याच्या उलट वाटेने आलेलेही आहेत. टीव्हीवरच्या ‘महाभारत’मधला भीम, सौरव गुर्जर, पुढे डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात उतरला.

गैरसमज : निकाल ठरलेलाच आहे, तर त्यावर मतं मांडण्यात काय अर्थ?

वस्तुस्थिती : सगळ्यात चुकीचा समज हाच. नाटकाचा शेवट लेखकाने ठरवलेला असतो, म्हणून कुणी नाटकाची चर्चा थांबवत नाही. इथे तर प्रेक्षक शेवट बदलायलाही लावतात.

२०२४ चं उदाहरण ताजं आहे. कोडी हा दिवंगत मल्ल डस्टी ऱ्होड्सचा मुलगा. वडिलांना जो किताब कधी मिळाला नाही तो मिळवायचा, ही त्याची कथा. २०२३ च्या रेसलमेनिया या वार्षिक महासोहळ्यात तो रोमन रेन्सकडून हरला. पुढच्या फेब्रुवारीत रोमनसमोर कोडीच्या जागी ‘द रॉक’ उतरणार अशी मांडणी दिसली आणि चाहते खवळले. सभागृहांत कोडीच्या नावाचा घोष सुरू झाला, समाजमाध्यमं निषेधाने भरून गेली. आठवडाभरात कंपनीने दिशा बदलली. ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फियात कोडीने रोमनची १,३१६ दिवसांची सद्दी संपवली.

आता २०२५ पाहू. वीसहून अधिक वर्षं पोरांचा लाडका नायक राहिलेला जॉन सीना १ मार्चला टोरांटोत खलनायक झाला. कल्पना जबरदस्त होती. २० एप्रिलला लास व्हेगासमध्ये कोडीला हरवून त्याने विक्रमी सतरावं विजेतेपद घेतलं. पण ज्या रॉकच्या इशाऱ्यावर हा बदल झाला, तो त्या लढतीला फिरकलाच नाही. सीना असा का वागला, याचं पटणारं कारण कथेने कधी दिलं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा सज्जन झाला आणि ३ ऑगस्टला कोडीकडून हरला. १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या लढतीत त्याने गुंथर या मल्लासमोर हार कबूल केली, तेव्हा प्रेक्षकांनी कंपनीच्या नावाने हुर्यो उडवली.

सीना हरला याचं दुःख समजण्यासारखं आहे, पण तो आक्षेप कच्चा आहे. जाता जाता नव्या मल्लाला मोठं करून जाणं ही या धंद्याची जुनी रीत आहे. पक्का आक्षेप आहे तो मार्च ते ऑगस्टच्या कथेवर: खलनायक उभा केला, त्याला कारण दिलं नाही आणि पाच महिन्यांत गुंडाळलं. चाहत्याने बोट ठेवावं ते इथे.

गैरसमज : आपली कुस्तीही आता तशीच झाली आहे.

वस्तुस्थिती : हा समज नाशिककरांनी तरी मनातून काढून टाकावा. ज्या बालेवाडीत ‘रिंग का किंग’ रंगलं, त्याच संकुलात ७ जानेवारी २०२० रोजी हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ ने हरवून नाशिकला पहिली महाराष्ट्र केसरीची गदा मिळवून दिली. हर्षवर्धन मूळचा अकोले तालुक्यातला, भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घडलेला. अंतिम फेरीतले दोघेही पुण्यात काका पवारांच्या तालमीतले, एकमेकांचे डाव तोंडपाठ असलेले. कुस्ती संपली आणि जिंकलेल्या हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. ते कुणी लिहून दिलं नव्हतं.

उलट बाजूचा प्रसंगही तितकाच बोलका आहे. डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये पंचाला मार बसणं हा कथेचा नेहमीचा भाग असतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळविरुद्धचा निकाल मान्य नसलेल्या शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली, तेव्हा त्याच्यावर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. निकालावर वाद होऊ शकतो, पंच चुकूही शकतात, पण तिथे कुणाची भूमिका चाललेली नसते.

गैरसमज : ते नाटकच आहे, मग मुलांनी घरी करून पाहिलं तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती : ३ ऑगस्ट १९९७ रोजी ओवेन हार्टसारख्या निष्णात मल्लाकडून पाइलड्रायव्हर या डोक्यावर आपटण्याच्या डावाचा अंदाज चुकला आणि स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनची मान दुखावली. काही क्षण त्याचे हातपाय बधिर झाले. त्याच मानेमुळे २००३ मध्ये त्याला नियमित लढती सोडाव्या लागल्या. दोघांचाही अनुभव वर्षानुवर्षांचा, तालीम रोजची, तरी हे घडलं. गादीवर किंवा शाळेच्या वर्गात धाकट्या भावाला डोक्यावर आपटणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. पालकांनी मुलांसोबत बसून हे कार्यक्रम खुशाल पाहावेत, कथेवर त्यांच्याशी भांडावंही, पण डाव कसा शिकला जातो हेही सांगावं. आणि मुलाच्या अंगात रग असेल तर त्याला जवळच्या तालमीत वस्तादांच्या हाती सोपवावं.