नांवाचा पत्ता आणि विश्वासाचा पाया

घरांतील कोणी बँकेचें नांव संगणकावर लिहितो आणि क्षणांत तिचें पान डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु इंटरनेटवरील वाट नांवांवर नव्हे, अंकांवर चालते. नांवावरून अंक सांगणारा जो मध्यस्थ, तो डोमेन नेम सर्व्हर होय. त्यानें खोटा अंक सांगितला, तर आपण आपल्या पायांनीं चोराच्या दारीं जाऊं. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आरंभीं अमेरिकेंत सर्व संगणकांच्या नांवांची एकच यादी असे. संख्या वाढतांच ती पुरेना. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं कामाची वांटणी सुचविली: प्रत्येक शाखेनें आपापलीं नांवें सांभाळावीं, आणि विचारणारास मूळ सर्व्हरानें योग्य शाखेकडे धाडावें. त्याच दशकांत बर्कले विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं ‘बाइंड’ हें सॉफ्टवेअर लिहिलें, व तें जगभर रूढ झालें.

परंतु त्याचा पाया परस्परविश्वासाचा होता. पुढें वापरणारे अगणित झाले, त्यांत लबाडही आले. दोष दिसेल तेथें ठिगळ लावण्यांत आलें. पण ठिगळांनीं जुनें वस्त्र नवें होत नाहीं. अखेर बाइंडची नववी आवृत्ति मुळापासून नव्यानें लिहून २००० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत काम अनेक प्रोसेसरांवर वांटतां येऊं लागलें. शिवाय आंत कांहीं विपरीत आढळतांच सॉफ्टवेअर स्वतः थांबावें, अशी योजना झाली. चोर घरांत शिरण्यापेक्षां दुकान बंद झालेलें बरें, हा त्यांतील विचार. तथापि २०१५ सालीं एकाच कुटिल प्रश्नानें हें दुकान बंद पाडतां येतें, असें उघड झालें!

त्यापूर्वीं, २००८ सालीं, डॅन कामिन्स्की यांनीं याहून मोठें वैगुण्य दाखविलें होतें. प्रश्नावरील खुणेचे अंक अवघे ६५,५३६. ते अंदाजानें जुळवून खऱ्या उत्तराआधीं खोटें उत्तर घुसवितां येई. तेव्हां उत्तर घेण्याचें द्वारही प्रत्येक वेळीं बदलतें ठेवून फसवणूक दुष्कर करण्यांत आली. खरा उपाय मात्र उत्तरावर गणिती सही करण्याचा. नववी आवृत्ति ती जाणत होती. मूळ सर्व्हरांच्या नोंदींवर ती सही जुलै २०१० मध्यें झाली.

तथापि प्रत्येक शाखेनें सही केली आणि विचारणारानें ती पडताळली, तरच तिचा उपयोग. हुंडी हातीं आली म्हणून जुना सराफ लागलीच पैसे मोजीत नसे. आधीं सही पाही. तीच संवय आतां यंत्रांस लावावयाची आहे.