बंदरावरचे आखूड माप
कॅरिबियन समुद्रातील जहाजसहली, त्यांचे घटणारे तास आणि व्यापाऱ्याचा विवेक

गज आखूड असेल तर गिऱ्हाईक आज ना उद्या ते ओळखते. तराजूत खोट असेल तर शेजारचा दुकानदार ती बोलून दाखवतो. वेळेचे माप आखूड असले, तर मात्र ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कॅरिबियन समुद्रातील पर्यटन-जहाजांच्या बाबतीत सध्या हाच प्रश्न उभा आहे. सहलीच्या पत्रकावर बंदरांची नावे पूर्वीचीच आहेत: नासाऊ, कोझुमेल, जॉर्जटाउन, शार्लट अमाली, फिलिप्सबर्ग. परंतु त्या नावांपुढील तास अनेक सहलींत कमी होत चालले आहेत. जेथे जहाज सकाळी आठपासून सायंकाळी पाच-सहापर्यंत थांबत असे, तेथे आता काही वेळा दुपारी एक-दोनलाच दोर सोडले जातात.

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली कुटुंबे आणि त्यांच्याकडे भारतातून जाणारे आप्त या सहलींना हौसेने जातात. मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरल येथून निघायचे आणि आठवडाभरात तीन-चार बेटे पाहून परतायचे, असा त्यांचा साधारण क्रम असतो. घेणाऱ्याला या व्यवहारात प्रत्यक्षात काय मिळते, हे व्यापारी कुटुंबांनी तरी समजून घेणे योग्य ठरेल.

इंधनाचे गणित

जहाज लवकर का निघते, याचे पहिले उत्तर इंजिनघरात आहे. जहाजाला पुढे रेटण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या साधारणपणे घनाच्या प्रमाणात वाढते, आणि ठरावीक अंतर कापण्यासाठी लागणारे इंधन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, पुढचे बंदर 360 सागरी मैलांवर आहे. ताशी 20 सागरी मैलांच्या वेगाने हे अंतर 18 तासांत संपते, तर 18 मैलांच्या वेगाने 20 तास लागतात. म्हणजे मागच्या बंदरातून केवळ दोन तास आधी निघाले, तर चालनाचे इंधन सुमारे 19 टक्के वाचते. दिवे, वातानुकूलन आणि स्वयंपाकघर यांचा खर्च यात धरलेला नाही. तरीही दर आठवड्याला, वर्षभर आणि डझनभर जहाजांवर ही बचत होत राहिली, तर रक्कम किती मोठी होईल, हे खातेवही लिहिणाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

त्यातच प्रदूषणाचे नियम कडक झाले. 1 जानेवारी 2020 पासून जगभरच्या जहाजांना इंधनातील गंधकाचे प्रमाण 0.5 टक्क्यांच्या आत ठेवणे किंवा धूर धुऊन काढणारी यंत्रणा बसवणे बंधनकारक झाले. अमेरिकेच्या किनाऱ्यालगत, तसेच पोर्तो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन बेटांभोवती ही मर्यादा त्याहून कठोर, 0.1 टक्का आहे. स्वच्छ इंधन महाग पडते. 2023 पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमांनुसार मोठ्या जहाजांना कार्बन उत्सर्जनावरून ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळू लागली. या श्रेणीचा हिशेब कापलेल्या अंतराशी जोडलेला आहे. धक्क्याला उभे असलेले जहाज वीज निर्माण करण्यासाठी इंधन जाळते, पण त्याचे अंतर शून्य असते. त्यामुळे बंदरातला प्रत्येक तास जहाजाच्या खाती उणा जमा होतो. हवा स्वच्छ राखण्यासाठी केलेला नियम अशा रीतीने नकळत बंदरातला मुक्काम आखूड करण्याच्या बाजूने झुकतो.

गल्ला कोठे भरतो?

दुसरे कारण जहाजावरील दुकानदारीत आहे. मोठ्या कंपन्यांच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे 30 टक्के भाग तिकिटातून येत नाही. तो पेये, खास भोजनगृहे, दुकाने, जुगारगृह आणि सहलींची विक्री यांतून मिळतो. बहुतेक बंदरांत जहाज धक्क्याला असेपर्यंत जुगारगृह आणि करमुक्त माल विकणारी दुकाने बंद ठेवावी लागतात. किनारा मागे पडला की त्यांचे दरवाजे उघडतात. म्हणजे प्रवासी बेटावर असेल तोवर त्याचा पैसा बेटवासीयांच्या हाती पडतो आणि तो समुद्रावर आला की जहाजाच्या. दोन दुकानांमध्ये एकच गिऱ्हाईक असावे, आणि रस्ता कधी बंद करायचा हे त्यांपैकी एकाच दुकानदाराने ठरवावे, असा हा प्रकार आहे.

तिसरे कारण खासगी बेटांचे. नॉर्वेजियन कंपनीने बहामातील ग्रेट स्टिरप के हे बेट 1977 मध्ये घेतले. डिस्नीचे कास्टअवे के 1998 मध्ये सुरू झाले. रॉयल कॅरिबियनने 2019 मध्ये कोकोके बेटाचे रूप पालटून टाकले, आणि कार्निव्हलने जुलै 2025 मध्ये ग्रँड बहामा बेटावर सेलिब्रेशन की नावाचे स्वतःचे स्थळ उघडले. यांतील बहुतेक स्थळे फ्लोरिडापासून जवळ असल्याने इंधनही कमी लागते. तेथे छत्रीपासून शहाळ्यापर्यंतचा व्यवहार मुख्यतः कंपनीच्याच हाती असतो. साहजिकच तेथे पूर्ण दिवस देणे कंपनीला परवडते, आणि आठवड्याचे तास मोजकेच असल्याने कात्री लागते ती सार्वजनिक बंदरांच्या वाट्याला.

याशिवाय 1886 चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी ध्वजाचे जहाज अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन त्याच बंदरात परतणार असेल, तर वाटेत त्याने एखाद्या परदेशी बंदराला स्पर्श केलाच पाहिजे. मात्र तेथे किती तास थांबावे, याविषयी कायदा मौन पाळतो. त्यामुळे काही थांबे जेमतेम ही अट पुरी करण्यापुरतेच उरतात.

बेटावरच्या माणसाचे काय?

शार्लट अमाली हे सेंट थॉमस बेटावरील गाव डेन्मार्कच्या अमलात खुले बंदर म्हणून भरभराटीस आले. 1917 मध्ये अमेरिकेने अडीच कोटी डॉलर मोजून ही बेटे विकत घेतली. डॅनिश काळातील दगडी वखारींमध्ये आज जवाहिऱ्यांची दुकाने आहेत. अमेरिकी रहिवाशाला येथून 1,600 डॉलरपर्यंतचा माल करमुक्त नेता येतो, तर इतर बहुतेक बेटांवरून ही मर्यादा 800 डॉलर आहे. गावाचा बाजार या सवलतीभोवती वाढला. सेंट मार्टिनच्या डच भागातील फिलिप्सबर्गचा फ्रंट स्ट्रीटही असाच. या दोन्ही ठिकाणी अनेक दुकाने भारतीय व्यापाऱ्यांची, विशेषतः सिंधी कुटुंबांची आहेत. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, आणि त्या व्यवसायात जैन पेढ्यांचा वाटा मोठा आहे. तेव्हा या दूरच्या रस्त्यावरील काचेच्या पेटीत चमकणारा खडा आपल्याच कोणा बांधवाच्या हातून पुढे गेलेला असण्याचा संभव बराच आहे.

अशा दुकानात नऊच्या सुमारास दार उघडते. जहाज दोनला निघणार असेल, तर प्रवासी दीडपर्यंत परतलेला हवा. म्हणजे साऱ्या दिवसाची विक्री चार-साडेचार तासांत व्हायला हवी. दुकानाचे भाडे, नोकरांचा पगार आणि विजेचे देयक मात्र पूर्ण दिवसाचे असते. डोंगर ओलांडून मेगन्स बे या किनाऱ्यावर प्रवासी नेणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या जेथे दोन-तीन फेऱ्या होत, तेथे एक होते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. बंदरांचा कर बहुधा माणशी आकारला जातो, तासावर नाही. मेक्सिकोनेही जुलै 2025 पासून जहाजाच्या प्रवाशांवर माणशी पाच डॉलरचा कर बसवला. जहाज चार तास थांबो वा दहा, सरकारी तिजोरीत तेवढीच रक्कम पडते. त्यामुळे प्रवाशांची संख्या वाढत असताना कागदावर बेट समृद्ध दिसते, पण दुकानदार आणि टॅक्सीवाला यांचा गल्ला हलका होतो. तोटा आकडेवारीत न दिसणाऱ्या माणसाच्या पदरी पडतो.

अतिचार कोठे सुरू होतो?

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यांतील एक आहे मापातला खोटेपणा: देताना कमी आणि घेताना अधिक मोजणे. व्यापारी समाजासाठी हा अतिचार मुद्दाम नोंदवला गेला, यात मोठे शहाणपण आहे. चोरी करायला भिंत फोडावी लागते. मापात हात मारायला केवळ मौन पुरते.

मग थोडे तास थांबणारी प्रत्येक जहाजकंपनी दोषी ठरते काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. वादळ, धक्क्यावरील गर्दी, इंजिनातील बिघाड ही कारणे खरी असतात. इंधन वाचवणे हे अहिंसेच्या दृष्टीनेही इष्टच. सहल विकतानाच ‘या बंदरात पाच तास’ असे स्पष्ट छापले आणि किंमतही त्या मानाने ठेवली, तर तो स्वच्छ व्यवहार होय. अर्धा शेर अर्धा शेर म्हणूनच विकण्यात पाप नाही. दोष तेव्हा घडतो, जेव्हा पूर्ण दिवसाच्या नावावर पैसे घेऊन नंतर तास छाटले जातात आणि नाव तेच राहते. तिकिटाच्या बहुतेक करारांत मार्ग व वेळ बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो. बंदर अजिबातच वगळले, तर बहुधा त्याचे कर-शुल्क तेवढे परत मिळते. तास घटले तर तेही नाही. करार कायद्याला पुरतो. व्रताची अपेक्षा त्याहून मोठी आहे.

जाणाऱ्यांनी काय पाहावे?

सहल निवडताना बंदरांची नावे मोजू नयेत, तास मोजावेत. पत्रकातील वेळ ही जहाज लागण्याची व सुटण्याची असते. उतरण्याची परवानगी मिळायला लागणारा वेळ आणि परतीची अर्ध्या तासाची आगाऊ मर्यादा वजा करावी. जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, प्रवाशांना लाँचने ये-जा करावी लागते. तेथे आणखी तासभर सोडून द्यावा. पैसे भरल्यानंतरही वेळापत्रक अधूनमधून तपासावे. थांबा लहान असेल, तर स्वतंत्र टॅक्सीने दूर जाणे धोक्याचे. कंपनीमार्फत घेतलेल्या फेरीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, एरवी थांबत नाही. आणि महाग दागिना तर घाईत मुळीच घेऊ नये. प्रमाणपत्र वाचायला सवड नसेल, तर खरेदीलाही सवड नाही असे समजावे.

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांना मात्र लवकर सुटणारे जहाज एका अर्थी सोयीचेच. हिवाळ्यात या समुद्रावर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो; दुपारीच परतल्यावर, आधी सांगून ठेवलेले जैन भोजन सूर्यास्तापूर्वी शांतपणे घेता येते. बेटावर कंदमूळविरहित अन्न शोधण्याची धावपळही टळते.

तासांच्या या हिशेबात व्यापाऱ्याने स्वतःकडेही एकदा पाहावे. ‘संध्याकाळपर्यंत माल पोहोचेल’ हे वाक्य आपल्या पेढीवरून दिवसातून किती वेळा निघते आणि त्यातील किती वेळा खरे ठरते? कापडाचा गज आणि सोन्याचा काटा सरकारी शिक्क्याने तपासला जातो. दिलेल्या वेळेवर असा शिक्का नसतो. तिची राखण देणाऱ्यानेच करावयाची असते.