अनुस्वार फुलांत हरवतो तेव्हा

भाचीच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर गेली आणि अर्ध्या तासात सोलापूरच्या आत्याचा फोन आला. "पत्रिका सुरेख आहे रे, पण मुहूर्त किती वाजताचा?" आत्याचा चष्मा नवा, नजर चांगली. मी पत्रिका पुन्हा उघडली. पानभर झेंडूच्या तोरणांचा फोटो, त्यावर सोनेरी अक्षरं. वधूवरांची नावं ठळक होती म्हणून लागत होती. मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता फुलांत विरघळून गेला होता. ज्या दोन ओळींसाठी पत्रिका काढायची, नेमक्या त्याच गेल्या.

असं का होतं? लाल आणि निळा हे आपल्याला अगदी वेगळे रंग वाटतात, पण वाचताना डोळ्याला रंगापेक्षा उजळ-गडदपणातला फरक लागतो. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून आंतरराष्ट्रीय निकष आहेत. २००८ साली आलेल्या त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीत हा फरक मोजायचं सूत्र दिलं आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, सर्वांत जास्त. साध्या मजकुराला किमान ४.५ हवेत, मोठ्या अक्षरांना ३ चालतात. आता पडद्यावरच्या शुद्ध निळ्यावर शुद्ध लाल अक्षरं ठेवली, तर आकडा जेमतेम २.१५ येतो. पिवळ्यावर पांढरं ठेवलं तर १.०७, म्हणजे जवळपास काहीच नाही. झेंडूवरच्या सोनेरीची गत त्याहून फार बरी नव्हती.

एकरंगी पार्श्वभूमीवर हे एकदा मोजलं की काम झालं. फोटोत मात्र एकच ओळ पांढऱ्या साडीवरून निघते, काळ्या कोटावरून जाते आणि आकाशात संपते. दर दोन अक्षरांनी फरक बदलतो. त्यात फोटोतले बारीक तपशील. पानं, गर्दी, फुलांच्या पाकळ्या यांची जाडी अक्षरांच्या रेषांइतकीच असली, की यातलं अक्षर कुठलं आणि पाकळी कुठली हे डोळ्याला निवडत बसावं लागतं.

आपल्या लिपीला याचा फटका जास्त बसतो, आणि मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते हेच. देवनागरीत शब्दाचा अर्थ ओळीच्या वर आणि खालीही राहतो. वर अनुस्वार, वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. एवढासा ठिपका पाकळीत मिसळला की 'चिंता'ची 'चिता' होते, 'भांडी'ची 'भाडी' होतात. शिरोरेषा आडवी असल्यामुळे विजेची तार, झाडाची फांदी किंवा क्षितिज तिच्याशी समांतर आलं, की ओळ सुरू कुठे होते तेच कळत नाही. इंग्रजी पोस्टर पाहून केलेली मांडणी मराठी मजकुराला जशीच्या तशी लावली की हे हमखास घडतं. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते. नाजूक, बारीक फॉन्ट घेतला तर जोडाक्षरं पुसट होतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट मोफत मिळतो आणि त्यात सात जाड्या आहेत. फोटोवर लिहायचं असेल तर मधल्या किंवा त्याहून जास्त जाडीचा घ्यावा.

फ्लेक्सच्या दुकानात यावर पहिला इलाज म्हणजे आउटलाइन. तो चालतो, चित्रपटांची सबटायटल्स पांढऱ्या अक्षरांना बारीक काळी कड देऊनच बर्फातही वाचता येतात आणि रात्रीच्या दृश्यातही. पण कड अक्षराच्या आत शिरली तर 'ध', 'थ', 'क्ष' यांच्या पोकळ्या बुजतात. म्हणून ती अक्षराच्या मागे द्यायची. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. मराठी अक्षरांना कड दिल्यावर काना-मात्रांच्या सांध्यावर चिरा दिसत असतील, तर आधी अक्षरांचे आकार करून (कर्व्ह) ते सगळे एकसंध जोडून (वेल्ड) घ्यावेत.

याहून भरवशाचा उपाय म्हणजे फोटो आणि अक्षरांच्या मध्ये अर्धपारदर्शक काळा थर. किती काळा, तेही गणिताने सांगता येतं. मागचा फोटो पांढराशुभ्र असला तरी ५४ टक्के ओपॅसिटीचा काळा थर दिला, की पांढरी अक्षरं ४.५ ची पायरी ओलांडतात. मोठ्या शीर्षकाला ४२ टक्के पुरतात. हा थर सगळ्या फोटोवर पसरायची गरज नाही. मजकुराच्या बाजूला गडद ठेवून पुढे विरळ करत नेला, तर चेहरेही उजळ राहतात. फोटोत बारीक तपशील फार असतील तर अक्षरांमागचा तेवढा भाग धूसर करून घ्यावा.

खरं तर हे सगळे नंतरचे उपचार. मजकूर कुठे बसणार हे आधी ठरवून फोटो निवडला तर यातलं फारसं काही लागतच नाही. वर मोकळं आकाश, बाजूला साधी भिंत किंवा खाली पाण्याचा शांत पट्टा असलेला फोटो अक्षरांना आपणहून जागा देतो.

आम्ही पत्रिका बदलून घेतली. तोरण वरच्या कडेला गेलं आणि खाली कोऱ्या हळदी रंगावर गडद तपकिरी अक्षरांत मुहूर्त आला. तुमच्याकडे कार्य निघालं तर छपाईला हो म्हणण्याआधी पत्रिका घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हाती द्या, तारीख आणि पत्ता मोठ्याने वाचायला सांगा, आणि ते जिथे अडखळतील तिथे बोट ठेवून दुरुस्ती मागा.