बॅज खुंटीवर आणि माणूस खोलीत!

मैत्रिणींनो, घरातल्या माणसाची नोकरी कशी चालली आहे हे आपण पगारावरून, रजांवरून आणि फार तर साहेबाच्या स्वभावावरून ठरवतो. पण त्या नोकरीत त्याच्या तब्येतीची नोंद कोण ठेवतं, कुठे ठेवतं, हे आपण कधी विचारतो का? मीही विचारलं नव्हतं. गेल्या श्रावणात माझी धाकटी नणंद चार दिवस माहेरपणाला आली, तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न पडला.

ती एक्स-रे टेक्निशियन आहे. लग्नाआधी चार वर्षं एका गावच्या हॉस्पिटलात होती, लग्नानंतर पाच वर्षं दुसऱ्या गावच्या. आल्या आल्या तिनं गोड बातमी सांगितली. दुसरा महिना लागला होता. सासूबाईंनी दृष्ट काढली, गोडाचा शिरा झाला. रात्री आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो, तेव्हा मी हळूच विचारलं, "अगं, दिवसभर त्या मशीनपाशी असतेस. बाळाला काही होणार नाही ना?"

"वहिनी, आम्हाला बॅज असतो ना!"

"बघू तरी कसा असतो."

"तो इथे कुठला? एक्स-रेच्या खोलीत खुंटीला असतो, अ‍ॅप्रनशेजारी. सगळ्यांचेच तिथे असतात."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण जी वस्तू माणसासाठी आहे, ती माणसाच्या अंगावर नसून खुंटीवर आहे, एवढं मात्र खटकलं. मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी तिची पुस्तकं, कागद काढले आणि नीट समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगते, कारण आज गावोगावी एक्स-रे आणि सीटी स्कॅनची केंद्रं झाली आहेत आणि तिथे आपल्याच लेकी-सुना काम करतात.

बॅज म्हणजे कवच नव्हे

पहिला गैरसमज इथेच दूर करू या. हा बॅज किरणांपासून वाचवत नाही. थर्मामीटर ताप मोजतो, उतरवत नाही, तसंच हे. वाचवतो तो शिशाचा अ‍ॅप्रन, मधली भिंत आणि मशीनपासूनचं अंतर. बॅज फक्त मोजतो.

त्याला टी.एल.डी. बॅज म्हणतात. आत एका पातळ पट्टीवर तीन छोट्या चकत्या असतात. त्यांत कॅल्शियम सल्फेट असतं आणि त्यात डिस्प्रोसियम नावाचं द्रव्य अगदी थोडं मिसळलेलं असतं. किरण पडले की त्यांची शक्ती या चकत्यांत साठून राहते. पुढे प्रयोगशाळेत त्या तापवल्या की साठलेली शक्ती प्रकाशाच्या रूपानं बाहेर पडते. जितका प्रकाश जास्त, तितके किरण जास्त. दमट कपड्यावर गरम इस्त्री फिरवली की मुरलेली ओल वाफ होऊन बाहेर येते ना, तसंच समजा. पूर्वी या कामाला फिल्मचा तुकडा वापरत. किरणांनी तो जितका काळवंडेल, त्यावरून हिशेब करत.

नोंद जाते कुठे?

हॉस्पिटलांतले हे बॅज साधारण दर तीन महिन्यांनी बदलतात. वापरलेले बॅज प्रयोगशाळेत जातात आणि प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहून अहवाल हॉस्पिटलकडे येतो. या सगळ्यामागे सरकारी यंत्रणा आहे. मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात देशभरच्या किरणांशी काम करणाऱ्या माणसांच्या डोसची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. नियम घालून देणारं आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारं अणुऊर्जा नियामक मंडळ. त्याची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ची.

आकडा मिलिसिव्हर्ट या मापात असतो. मंडळानं घालून दिलेली मर्यादा अशी: लागोपाठच्या पाच वर्षांत सरासरीनं वर्षाला २०, म्हणजे पाच वर्षांत एकूण १००, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अंदाज यावा म्हणून सांगते, माती, आकाश आणि अन्न यांतून तुमच्या-माझ्यासारख्या घरात बसलेल्या माणसालाही जगाच्या सरासरीनं वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. एक्स-रे विभागात नीट काळजी घेऊन काम करणाऱ्यांचे आकडे मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. तेव्हा घाबरून नोकरी सोडायचं कारण नाही.

पण हे सगळं बॅज अंगावर असेल तर! खुंटीवरचा बॅज खोलीचे किरण मोजतो. मग माणसाच्या नावावर भलताच मोठा आकडा चढतो आणि चौकशी लागते. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवला, तर उलट होतं. माणूस किरणांत आणि कागदावर मात्र शून्य.

दाखल्याशिवाय शाळा बदलली, तर?

दुसरी गोष्ट निघाली ती माझ्यातल्या मास्तरणीच्या डोळ्यांना. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. निकालपत्रकं आणि जनरल रजिस्टर यांत हात बुडालेले. तिच्या कागदांत मला दोन निरनिराळे नंबर दिसले, एक जुन्या हॉस्पिटलचा, एक नव्या.

"हे दोन कसे गं?"

"तिकडचा तिकडे राहिला, वहिनी. इकडे आल्यावर नवा दिला."

खरी चूक ही होती. हा नंबर हॉस्पिटलचा नसतो, माणसाचा असतो, आणि तो जन्मभर एकच राहायला हवा. नोकरी बदलली की नव्या ठिकाणी जुना नंबर द्यायचा, म्हणजे मागचे सगळे आकडे पुढच्याला जोडले जातात. माझ्या नणंदेचं म्हणजे मुलीनं दाखल्याशिवाय शाळा बदलावी आणि पुन्हा पहिलीपासून नाव लागावं, तसं झालं होतं. सरकारी वहीत तिच्या नावाच्या दोन बायका होत्या, एक चार वर्षांची आणि एक पाच वर्षांची.

तुम्ही म्हणाल, कशाला एवढं मनावर घ्यायचं? याचं उत्तर आजाराच्या स्वभावात आहे. थोड्या थोड्या किरणांचा परिणाम झालाच, तर तो लगेच दिसत नाही. कर्करोगासारखा आजार दहा-वीस वर्षांनी उद्भवू शकतो. तोवर नोकरी सुटलेली, डॉक्टर बदललेले, कधी हॉस्पिटलही बंद झालेलं. तेव्हा साक्ष देणारा एकच उरतो, तो कागद. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा दंडक असा आहे की ही नोंद माणसाच्या वयाची ७५ वर्षं पुरी होईपर्यंत आणि ते काम सोडल्यापासून निदान ३० वर्षं जपून ठेवावी.

गोड बातमी सांगायची की लपवायची?

नणंदेच्या मनात खरी भीती वेगळीच होती. "सांगितलं आणि घरी बसवलं तर? हप्ते चालू आहेत वहिनी घराचे." पाचवा महिना लागेपर्यंत गप्प राहायचं तिनं ठरवलं होतं.

मैत्रिणींनो, इथे गप्प बसणं चुकीचं आहे. किरणांच्या जागी काम करणाऱ्या स्त्रीनं दिवस गेल्याचं कळताच वरिष्ठांना कळवायचं असतं. एकदा कळवलं की उरलेल्या दिवसांत गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळू नये, अशा बेतानं काम देणं ही मालकाची जबाबदारी होते. कळवलं म्हणून कामावरून काढायचं, असं त्यात कुठेही नाही. काम बदलून द्यायचं, एवढंच आहे. आणि पहिले महिनेच नाजूक असतात, तेव्हा उशीर करून चालत नाही.

ती परत गेली आणि तिनं दोन अर्ज दिले, एक दिवस गेल्याचा आणि एक जुना नंबर जोडण्याचा. तिथले सेफ्टी ऑफिसर आधी कुरकुरले, "आता नंबराचं काय घेऊन बसलात?" पण अर्ज लेखी होता, पोच घेतलेली होती. ऑपरेशन थिएटरातली ड्यूटी लगेच बंद झाली. नंबर जोडायला मात्र वेळ लागला. अहवाल आला तेव्हा तिनं फोनवर मला आकडा वाचून दाखवला. अगदी लहान होता, आणि या वेळी खरा होता. खुंटीवर गेलेली मधली वर्षं मात्र आता कुणालाच भरून काढता येणार नाहीत.

घरात कुणी असं काम करत असेल, तर एवढं पाहा

१. बॅज स्वतःचाच वापरायचा, छातीवर लावायचा आणि अ‍ॅप्रन घातला असेल तर त्याच्या आत.

२. काम संपलं की तो किरण नसलेल्या जागी ठेवायचा. धुण्यात, उन्हात किंवा मशीनच्या खोलीत नाही.

३. दर अहवालातला आपला आकडा मागून घ्यायचा आणि घरच्या वहीत तारखेसह उतरवायचा.

४. नंबर पाठ असावा. नोकरी बदलताना जुन्या ठिकाणचे अहवाल बरोबर घ्यायचे.

५. कामावर घेताना आणि पुढे वेळोवेळी झालेल्या तपासण्यांचे कागद फेकायचे नाहीत.

आपण मुलांच्या लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपतो. त्याच पिशवीत आणखी एका कागदाला जागा होईल. माझ्या नणंदेनं केली आहे. तुमच्याकडे कुणी असेल, तर आज जेवताना एकदा विचाराच, "बॅज कुठाय गं?"