विश्वस्त मोठे की तिजोरी?

धर्मादाय संस्थेने दुकान काढले, तर त्या दुकानावर हुकमत कोणाची? संस्थेच्या विश्वस्तांची, की भांडवल घालणाऱ्यांची? अमेरिकेत अलीकडे उभ्या राहिलेल्या ह्या प्रश्नाचा विचार आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही करावा, असे आम्हांस वाटते. कारण त्या दुकानातला माल आज आपल्या मुलांच्या हाती आला आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ओपनएआय ही संस्था निघाली. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे नफ्यासाठी नव्हे, तर सकल मानवजातीच्या हितासाठी घडवावीत, हा तिचा जाहीर संकल्प होता. परंतु त्यासाठी लागणाऱ्या प्रचंड गणकयंत्रांचा खर्च देणग्यांतून भागेना. म्हणून २०१९ मध्ये संस्थेने आपल्या अधिकाराखाली एक व्यापारी कंपनी काढली. पहिल्या भांडवलदारांस गुंतवणुकीच्या शंभरपटीहून अधिक नफा मिळू नये, अशी मर्यादा घातली आणि देखरेख धर्मादाय मंडळाकडेच ठेवली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तीत १०० कोटी डॉलर घालण्याचे जाहीर केले. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात कंपनीचे चॅटजीपीटी निघाले व जगभर पसरले.

कागदावरील ह्या व्यवस्थेची कसोटी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी लागली. मुख्य अधिकारी सॅम ऑल्टमन आपल्याशी सातत्याने मोकळेपणाने वागत नाहीत, असे सांगून मंडळाने त्यांस दूर केले. मंडळास तो अधिकार होता. पण सुमारे ७७० नोकरांपैकी ७०० हून अधिक जणांनी, ऑल्टमन परत न आल्यास आपणही मायक्रोसॉफ्टकडे जाऊ, असा इशारा सहीनिशी दिला. ह्या नोकरांपाशी कंपनीचे भाग होते आणि त्यांच्या विक्रीची बोलणी त्याच सुमारास चालू होती, हेही ध्यानात घ्यावे. आठवड्याच्या आतच ऑल्टमन परतले. त्यांस काढणाऱ्या चौघांपैकी तिघे मंडळातून गेले.

ह्यात सज्जन कोण, दुर्जन कोण, हा निवाडा आम्ही करीत नाही. आपली कारणे मंडळाने लोकांस नीट उलगडून सांगितली नाहीत, हेही खरे. परंतु दोन धन्यांच्या चाकरीविषयी प्रभू येशूने दिलेला इशारा येथे आठवल्यावाचून राहत नाही. सर्वांची भाकरी ज्या तिजोरीतून येते, तिच्यापुढे विश्वस्तांची सही दुबळी ठरते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मांडणी झाली. धर्मादाय संस्थेकडे सुमारे २६ टक्के, तर मायक्रोसॉफ्टकडे सुमारे २७ टक्के भाग आले. संचालक नेमण्याचा हक्क संस्थेकडे राहिला. नफ्याची जुनी मर्यादा मात्र गेली. हक्क राहिला खरा, पण तो बजावण्याची वेळ आली तर काय घडेल?

पोप चौदावे लिओ ह्यांनी १० मे २०२५ रोजी कार्डिनलांपुढे आपल्या नावाचा उलगडा केला. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' ह्या परिपत्रकाने कामगारांचा कैवार घेतला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम ह्यांपुढे तसेच आव्हान उभे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आपल्या गावातही शाळा, पतपेढ्या व धर्मादाय निधी विश्वस्तच सांभाळतात. विश्वस्त नेमताना, हा मनुष्य पैशापुढे 'नाही' म्हणू शकेल काय आणि म्हणाल्यास आपण त्याच्या पाठीशी उभे राहू काय, हे दोन्ही प्रश्न आपण स्वतःस विचारले पाहिजेत.